आई-बाबांना घेऊन तंबूत: बे एरियात कँपिंगची जागा निवडताना

सासू-सासरे उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सान फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला येणार हे दिवाळीतच ठरलं होतं. योसेमिटी, गोल्डन गेट वगैरे यादी तयारच होती. पण लेकीचं एकच म्हणणं होतं, आजी-आजोबांबरोबर तंबूत राहायचं. तिच्या वर्गातली बरीच मुलं दर उन्हाळ्यात कँपिंगला जातात आणि शाळा उघडली की त्याच गोष्टी सांगत बसतात. आम्ही दोघं मात्र इतकी वर्षं इथे राहून कधी तंबूत झोपलो नव्हतो. त्यात आईंचे गुडघे दुखतात आणि बाबांना रात्री उठावं लागतं. 'सर्वोत्तम दहा कँपग्राउंड' छापाच्या याद्या वाचल्या, तर त्या सगळ्या धडधाकट तरुणांसाठी लिहिलेल्या. घरातलं वयस्कर माणूस आणि लहान मूल बरोबर घेऊन, शहरापासून दोन तासांच्या आत कुठे जावं, हे कुणी नीट सांगत नव्हतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

जानेवारीत शोधायला बसले तेव्हा पहिला गोंधळ उडाला तो मालकीचा. इथली कँपग्राउंडं एका सरकारी खात्याकडे नाहीत. स्टेट पार्कांचं आरक्षण 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया'वर होतं. नॅशनल पार्क आणि इतर केंद्र सरकारच्या जागा 'रिक्रिएशन डॉट गव्ह'वर असतात. सांता क्लारा, सान मटेओ या काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, उद्यानं वेगळी, ईस्ट बेमधल्या प्रादेशिक उद्यानांचा कारभार आणखी वेगळा, आणि आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, उभ्या करायची खासगी पार्क त्याहून निराळी. प्रत्येकाचं खातं, नियम, दर आणि आरक्षण उघडण्याची वेळ स्वतंत्र. मी एका संध्याकाळी बसून लागतील त्या सगळ्या ठिकाणी खाती उघडली, गाडीचा नंबर आणि कार्डाचे तपशील भरून ठेवले. हे आधीच करून ठेवा. आरक्षणाच्या दिवशी सकाळी पासवर्ड आठवत बसायला वेळ नसतो.

मग फ्रिजवर एक कागद लावला. फ्लशचा संडास जवळ हवा, आणि रात्री तिथवर जाताना चढ नको. नळाचं पाणी हवं. गाडी तंबूपर्यंत गेली पाहिजे. ऑगस्टात दुपारी भाजून निघेल अशी जागा नको. आईंना फिरता येईल असा सपाट रस्ता हवा. समुद्र, धबधबा, सूर्यास्ताचं दृश्य यांतलं काहीही त्या कागदावर नव्हतं, आणि निवड सोपी झाली ती त्यामुळेच.

मनात पहिलं नाव होतं बिग बेसिनचं. १९०२ सालचं, कॅलिफोर्नियातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क. पण ऑगस्ट २०२० च्या सीझेडयू नावाच्या वणव्यात ते जवळपास पूर्ण होरपळलं. २०२२ मध्ये दिवसापुरतं उघडलं, पण मुक्कामासाठी पूर्वीचं कँपग्राउंड काही परत मिळालं नाही. कर्बी कोव्हहून गोल्डन गेट पूल समोर दिसतो, फोटो पाहिले की जीव तिथेच अडकतो. पण तिथे पिण्याचं पाणी नाही. पॉइंट रेयीजच्या कँपांवर पाठीवर सामान घेऊन चालत जावं लागतं. ही दोन्ही नावं तिथेच खोडली.

माउंट दियाब्लो आम्हाला जवळ. साधारण ३,८०० फूट उंचीचा डोंगर, रात्री आभाळ मोकळं. पण उन्हाळ्यात कडक ऊन, कोरडं गवत, आणि वणव्याच्या धोक्यामुळे आगीवर बंदी येण्याची शक्यता मोठी. शिवाय सूर्यास्ताला फाटक बंद होतं. शुक्रवारी ऑफिस संपवून निघालं आणि वाटेत ट्रॅफिक लागला तर पोचणार कसं? आणि आत मुक्काम असताना रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर? वयस्कर माणसं बरोबर असतील तर फाटकाची वेळ नक्की विचारून घ्या, ती बऱ्याच जागांना लागू असते.

हाफ मून बेचं फ्रान्सिस बीच कँपग्राउंड आरव्हीवाल्यांचं लाडकं आहे. समुद्र अक्षरशः समोर, गाव हाकेच्या अंतरावर. पण झाडांचा आडोसा नाही, वारा सतत, आणि उन्हाळ्यात धुकं दुपारपर्यंत हटत नाही. सांगलीच्या माणसाला तिथे तंबूत झोपवायचं धाडस माझ्यात नव्हतं. कॅस्ट्रो व्हॅलीजवळचं अँथनी शाबो आमच्या यादीत शेवटपर्यंत राहिलं. निलगिरीची झाडं, खाली तळं, घरापासून अर्ध्या तासावर, काही जागांवर आरव्हीसाठी हुकअप, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी. पहिल्याच वेळी जाणाऱ्यांसाठी फार सोयीची जागा. कुणी आजारी पडलं तर तासाभरात घरी. पण लेकीला मोठी झाडं हवी होती, रेडवुड. तिथे आम्ही तिचं ऐकलं.

याच काळात आरव्हीचाही विचार केला, कारण नवऱ्याचं मत होतं की आई-बाबांना पलंग आणि आतच संडास मिळाला तर प्रश्नच मिटेल. दोन रविवार त्याच चौकशीत गेले. परवान्याची अडचण नाही. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी परवान्यावर ४० फुटांपर्यंतचं मोटरहोम चालवता येतं. भाड्याचं गणित मात्र गुंतागुंतीचं. रोजचं भाडं, वर मैलामागे पैसे, जनरेटरचे तासाचे पैसे, भांडी-अंथरुणांचा संच वेगळा, अनामत वेगळी, आणि उन्हाळ्यात किमान तीन रात्रींची अट. आम्हाला २५ फुटी गाडीचा जो अंदाज मिळाला तो पेट्रोल धरून बाराशे डॉलरच्या आसपास गेला.

पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आरव्ही कुठेही मावत नाही. आरक्षणाच्या पानावर प्रत्येक साइटसमोर गाडीची कमाल लांबी दिलेली असते, आणि रेडवुडच्या जुन्या कँपग्राउंडांमध्ये २५ फुटांना चालतील अशा जागा मोजक्याच. बहुतेक स्टेट पार्कांत हुकअपही नसतो, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही गाडीतल्या टाक्यांवर आणि बॅटरीवर भागवायचं. भांड्यांच्या आणि आंघोळीच्या पाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी. परतताना दोन्ही डंप स्टेशनवर स्वतः रिकाम्या करायच्या. जनरेटर स्टेट पार्कांत सकाळी १० ते रात्री ८ एवढाच लावता येतो. रात्री हीटर लागला तर तो गॅसवर, पण त्याचा पंखा बॅटरीवर. हे सगळं ऐकल्यावर नवरा स्वतःच म्हणाला, "पहिल्या खेपेला गाडी शिकायची की माणसं सांभाळायची?" तंबूच ठरला. ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे किंवा ज्यांना औषधांसाठी फ्रिज लागतो, त्यांनी मात्र आरव्हीचा जरूर विचार करावा, आणि तेव्हा हुकअप असलेलीच जागा बघावी.

शेवटी नाव पक्कं झालं ते सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या मरीन काउंटीतल्या सॅम्युअल पी. टेलर स्टेट पार्कचं. सान राफाएलच्या पश्चिमेला, लागुनितास ओढ्याच्या काठी, रेडवुडच्या सावलीत. हा सॅम्युअल टेलर सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात आला आणि १८५६ मध्ये त्याने याच ओढ्यावर कागदाची गिरणी काढली, पॅसिफिक किनाऱ्यावरची पहिली. पुढे १८७० च्या दशकात रेल्वे आली तेव्हा सान फ्रान्सिस्कोची शहरी मंडळी हौसेने तंबूत राहायला इथे येऊ लागली. म्हणजे शहराजवळ कँपिंगला जाण्याची या जागेची परंपरा दीडशे वर्षांची. आणि ज्या वाटेने ती रेल्वे जायची तिथे आता क्रॉस मरीन ट्रेल आहे. रेल्वेची वाट असल्यामुळे सपाट, पार्काच्या भागात डांबरी. आईंच्या गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगलं काय हवं?

कँपग्राउंडचे दोन भाग आहेत, ओढ्याकाठचा क्रीकसाइड आणि वरच्या अंगाचा ऑर्चर्ड हिल. आम्हाला चढ नको होता, म्हणून क्रीकसाइड. तिथे पाच छोट्या केबिनही आहेत, दिवे आणि हीटर असलेल्या, रात्रीला शंभर डॉलरच्या घरात. त्या मिळाल्या असत्या तर आम्ही आनंदाने घेतल्या असत्या, पण त्या सर्वांत आधी जातात.

आरक्षण पोचण्याच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यासाठी आम्ही फेब्रुवारीत बसलो. आधी शुक्रवारची तारीख धरली. मी लॅपटॉपवर, नवरा फोनवर, साइटचे नंबर आधीच काढून ठेवलेले. ८ वाजता पान ताजं केलं आणि डोळ्यांदेखत हिरव्या चौकटी एकेक करून गेल्या. पाच-सात मिनिटांत क्रीकसाइडमध्ये काही उरलं नाही. वाईट वाटलं. लेक शाळेत जाताना विचारत होती, मिळालं का.

मग विचार केला, शनिवार-रविवारच कशाला? ऑगस्टच्या मध्यापर्यंत शाळा बंद, आई-बाबा घरीच, आम्हालाच दोन दिवस रजा टाकायची. रविवारी जाऊन मंगळवारी परत. त्या तारखेला सकाळी बसलो तर ८ वाजून पाच मिनिटांनीसुद्धा निवडायला जागा होत्या. रात्रीचे ३५ डॉलर, वर आरक्षण शुल्क साधारण आठ डॉलर. एका साइटवर आठ माणसं चालतात. दुसरी गाडी नेली तर तिचे रोजचे पैसे वेगळे. ज्यांना शनिवारच हवा त्यांनी निराश होऊ नये. लोक शेवटच्या दोन आठवड्यांत भरपूर रद्द करतात, रोज रात्री एकदा पान उघडून बघत राहायचं. आमच्या मैत्रिणीला तशीच जागा मिळाली. आणखी एक, अपंगांसाठी राखीव साइट यादीत मोकळी दिसते म्हणून घेऊ नका. ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांना दुसरीकडे कुठेच जाता येत नाही.

मे महिन्यात आम्ही दोघं दिवसापुरतं जागा बघून आलो. पार्किंगचे आठ डॉलर भरले आणि आमच्या नंबरापाशी जाऊन उभे राहिलो. सगळ्या प्रक्रियेत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. नकाशावर संडास शेजारी दिसतो, प्रत्यक्षात मध्ये मुळांची उंच गाठ असते, आणि अंधारात म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथे अडकणार हे बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या साइटपासून संडासापर्यंत डांबरी रस्ताच होता, दोन मिनिटांचा. सर फ्रान्सिस ड्रेक रस्ता जवळून जातो, त्याचा आवाज दिवसभर येतो हेही कळलं. कँपग्राउंडवर होस्ट असतात, म्हणजे बहुधा निवृत्त माणसं, जी तिथेच आरव्हीत राहून देखरेख करतात. आमच्या होस्टबाईंनी विचारलं, कोण कोण येणार? मी सांगितल्यावर त्या साइटवर आल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, मोठ्यांचा तंबू टेबलाच्या या बाजूला लावा, त्या बाजूला सकाळी झाडांवरून पाणी टपकतं. ऑगस्टात पाऊस नसतो, मग पाणी कसलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

सामान सगळं विकत घेण्याची गरज नसते. आम्ही उभं राहता येईल असा मोठा तंबू आरईआय या कँपिंगच्या सामानाच्या दुकानातून भाड्याने आणला, लहान तंबू मित्राचा. आई-बाबांसाठी दोन फोल्डिंगच्या खाटा विकत घेतल्या, जोडीला १४० डॉलर, आणि त्या पैशांचं मला अजिबात वाईट वाटत नाही. जमिनीवरून उठणं हाच आईंचा खरा प्रश्न होता. स्लीपिंग बॅग घेताना ती किती थंडीपर्यंत चालते, तो तिच्यावर लिहिलेला अंश फॅरनहाइटचा आकडा बघा. मरीनच्या रेडवुडमध्ये ऑगस्टातही रात्री पारा ५० च्या आसपास उतरतो, म्हणजे १० अंश सेल्सियस. खाटेखालून गार हवा लागते, म्हणून खाटेवर जाड गोधडी घाला. आईंनी सांगलीहून आणलेली वाकळ तिथेच कामाला आली.

आई सुरुवातीला फारशा राजी नव्हत्या. "अगं, घर असताना तंबूत कशाला?" बाबांनी मात्र दोनदा पायी वारी केलेली. राहुटी, ओली जमीन, खुंट्या ठोकणं यात त्यांना नवं काही नव्हतं. रविवारी दोनच्या सुमारास पोचलो, कारण साइट दोनपासून मिळते. फ्रीमाँटहून ८८० क्रमांकाचा महामार्ग, मग रिचमंडचा पूल, फेअरफॅक्सवरून पुढे, साधारण दीड तास. पुलाचा टोल मरीनकडे जातानाच लागतो. फेअरफॅक्स ओलांडलं की फोनची रेंज जाते, तेव्हा आरक्षणाची प्रत कागदावर ठेवा आणि घरी कुणाला तरी साइट नंबर सांगून या.

गाडीतून उतरल्यावर बाबांनी तंबूला हात लावायच्या आधी सगळी साइट पायाखाली घातली. मग पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी जमिनीवर ओतून ते कुठे जातं ते बघितलं. "डोकं वरच्या अंगाला, दार वाऱ्याच्या पाठीला," एवढंच म्हणाले आणि खुंट्या ठोकायला बसले. नवरा आणि लेक त्यांच्या हाताखाली. मी आईंना घेऊन फिरले आणि सगळ्यांत आधी पॉयझन ओक दाखवलं. चालता चालता पान तोडून चुरगळून वास घ्यायची त्यांची सवय मला माहीत होती. तीन-तीन पानांचं झुबकं, तेलकट चकाकी, कडेला लालसर झाक. हात लागला तर आठवडाभर पुरळ. "आई, इथे तीन पानं दिसली की बेल समजू नका," असं सांगितल्यावर त्या हसल्या आणि मग दोन्ही दिवस लेकीला त्याच दाखवत राहिल्या.

प्रत्येक साइटवर टेबल, शेकोटीचं कडं आणि खाणं ठेवायची लोखंडी पेटी असते. या भागात धोका अस्वलांचा नाही, रकूनांचा आहे. ते तंबूची चेनसुद्धा उघडतात. वास येणारी प्रत्येक वस्तू पेटीत गेली पाहिजे, आणि आपल्याकडच्या सामानात तशा वस्तू जास्त असतात. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, खोबरेल तेल, बाम, लेकीची टूथपेस्ट, बाबांची सुपारीची डबी. सगळं आत टाकून कडी नीट लागलीय ना ते बघायचं. रात्री पेटीवर नखांचे आवाज येत होते, सकाळी झाकणावर ओले पंजे उमटलेले. आत काही हललं नव्हतं.

लाकडं घरून आणू नका, आणि जंगलातली गोळाही करू नका. आम्ही होस्टकडून मोळी घेतली, बारा डॉलरला. यामागे कारण आहे. याच मरीनमध्ये १९९५ च्या सुमारास ओकची झाडं अचानक वाळू लागली. नंतर कळलं की हा एक साथीचा रोग आहे, आणि लाकडांबरोबर असे रोग आणि किडे एका गावातून दुसऱ्या गावात जातात. निघायच्या आदल्या दिवशी शेकोटीवर बंदी नाही ना, हेही पार्काच्या पानावर बघून घ्या. वणव्याच्या दिवसांत ती एका रात्रीत येते, आणि तेव्हाही गॅसच्या शेगडीला कुठे परवानगी असते, कुठे नसते.

जेवण सोपं ठेवलं होतं. आईंनी आदल्या दिवशी दशम्या करून घेतल्या होत्या. पहिल्या रात्री शेगडीवर पिठलं, दुसऱ्या रात्री मेतकूट-भात. भांडी ओढ्यात धुवायची नाहीत, साबणाचा थेंबही नको. त्या ओढ्यात कोहो जातीचे सामन मासे हिवाळ्यात समुद्रातून अंडी घालायला येतात, आणि त्यांची पिल्लं उन्हाळाभर तिथेच वाढतात. ती जात फार थोडी उरलीय. मासेमारीला तिथे बंदी आहे. लेक आणि बाबा काठावरच्या खडकावर बसून बोटभर पिल्लं पाण्याच्या धारेला तोंड करून एका जागी कशी तरंगतात ते तासभर बघत होते.

रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, आणि ती लोक खरोखर पाळतात. बाबा रात्री उठले तेव्हा नवरा बरोबर गेला. तंबूच्या दारापाशी चपला आणि डोक्याला लावायचा दिवा ठरलेल्या जागी ठेवला होता, तेवढी काळजी पुरली. पहाटे पाचच्या सुमारास मला पावसाचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर आभाळात पाऊस नव्हता. समुद्रावरून आलेलं धुकं रेडवुडच्या बारीक पानांवर साचतं आणि थेंब होऊन खाली पडतं. झाडाखालची जमीन भिजलेली, दोन पावलांवरची कोरडी. होस्टबाई सांगत होत्या ते पाणी हेच. आई-बाबांचा तंबू कोरड्या बाजूला होता.

सोमवारी क्रॉस मरीन ट्रेलवर आई अडीच मैल चालल्या, मध्ये दोनदा बसून. काठी होती, पण टेकवली नाही.

मंगळवारी दुपारी बारापर्यंत साइट सोडावी लागते. आवरायला आम्हाला तीन तास लागले, तेव्हा नाश्त्याची भांडी लवकर उरका. साइटचे दोन रात्रींचे पैसे आणि शुल्क ७८ डॉलर, तंबूचं भाडं, लाकडं, टोल, पेट्रोल धरून सव्वादोनशेच्या आत भागलं. खाटा वेगळ्या, त्या घरी राहतील. धुक्याने तंबू ओला झालेला असतो, तसाच गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशी धरते. आम्ही गॅरेजमध्ये दोरी बांधून पसरला आणि तिसऱ्या दिवशी दुकानात परत केला.

बाबा डिसेंबरमध्ये सांगलीला परतले. पुढच्या उन्हाळ्यात नणंद दोन मुलांना घेऊन येतेय, धाकटा तीन वर्षांचा. त्याच्यासाठी आम्ही अँथनी शाबो धरलंय. घर जवळ, आणि तीन वर्षांच्या मुलाला ओढ्याकाठी सांभाळण्यापेक्षा ते बरं.